भीमा-नीरेच्या तळचा रहिवासी : वाम

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके ऊस, साखर कारखाने आणि कालव्यांसाठी प्रसिद्ध आहेत. येथील पर्जन्यमान वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असते. मात्र या कोरड्या मुलखास दोन्ही अंगांनी पाण्याची सोबत लाभली आहे. उत्तरेस भीमा व तिच्यावरील उजनीचा विस्तीर्ण जलाशय, तर दक्षिणेस नीरा. बारामती शहरालगत वाहणारी कऱ्हा सोनगावजवळ नीरेस मिळते आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या अगदी पूर्व टोकाला, नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. पाण्याच्या या जाळ्यात ज्या जलचरांचे वास्तव्य पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांपैकी 'वाम' हा एक मासा होय. भिगवणच्या मासळी बाजारात तो ओळखीचा आहे. परंतु मत्स्यव्यवसायाच्या योजनांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. ज्याचे बीज कोणी सोडत नाही आणि ज्याची गणना कोणी वेगळी करीत नाही, अशा माशाचे काय होते, हे वामच्या उदाहरणावरून चांगले समजते.

नावाचा घोटाळा

प्रथम नावाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कोकण किनाऱ्यावर 'वाम' म्हटले की समुद्रातील लांबट, तीक्ष्ण दातांचा मासा समजला जातो. देशावर मात्र हेच नाव नदीतील एका वेगळ्या माशास आहे. हिंदीत त्यास 'बाम' म्हणतात. नदीतील या वामचे शास्त्रीय नाव 'मॅस्टॅसेम्बेलस आर्मेटस' असे असून लासेपेद या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०० मध्ये त्याचे वर्णन केले. 'आर्मेटस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सशस्त्र' असा आहे आणि ज्याने हा मासा एकदा निष्काळजीपणे हाती धरला असेल, त्यास या नावाचा खुलासा करून सांगावा लागत नाही.

देशावरील नद्यांत सापासारखा दिसणारा आणखी एक मासा आढळतो, तो म्हणजे 'अहीर'. अहीर हा खरा ईल होय, वाम नव्हे. दोघांचे शरीर लांबट असल्याने त्यांची गल्लत होते, पण त्यांच्या जीवनक्रमात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अहीर नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. इंदापूरच्या भीमेतील अहिराला समुद्र गाठावयाचा तर भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात असा प्रवास करावा लागतो. त्याच्या या वाटेवर प्रथम उजनीचे धरण आणि पुढे कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर व विजयवाड्याचा बंधारा असे अडथळे उभे आहेत. वामला हा प्रवास करावाच लागत नाही. जन्म, वाढ आणि प्रजोत्पादन या साऱ्या गोष्टी तो गोड्या पाण्यातच उरकतो. म्हणूनच धरणे झाल्यावर अहीर दुर्मिळ होण्याची जी कारणे आहेत, ती वामला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. वामची अडचण वेगळी आहे. ती भिंतीची नसून तळाची आहे.

शरीररचना

वामचे शरीर लांब, पुढे गोलसर व शेपटीकडे दोन्ही बाजूंनी चपटे असते. बाजारात येणारे मासे बहुधा हातभर लांबीचे असले तरी पूर्ण वाढलेला वाम ९० सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. रंग तपकिरी, पोटाकडे फिकट. पाठीवर व कुशीवर नागमोडी गडद रेघांची नक्षी असते. गढूळ पाण्यात किंवा वाळूत निम्मा रुतलेला वाम या नक्षीमुळे सहसा नजरेस पडत नाही.

त्याचे तोंड निमुळते असून मुस्कटाच्या टोकाशी सोंडेसारखा एक लहानसा मांसल, हलणारा अवयव असतो. पुढील नाकपुड्या या सोंडेवरच नळीच्या रूपाने उघडतात. डोळे लहान असतात. कारण रात्री फिरणाऱ्या व तळ उकरणाऱ्या या माशाचे काम नजरेपेक्षा वासावर व स्पर्शावर अधिक चालते. सोंड वाळूत खुपसून तो अळ्या, गांडुळे, कीटकांची पिले, झिंगे व लहान मासे हुडकतो. दिवसा तो दगडांच्या कपारीत, झाडांच्या बुडालेल्या मुळांत अथवा वाळूत स्वतःला गाडून घेऊन स्वस्थ राहतो. अशा वेळी केवळ सोंडेचे टोक वाळूबाहेर असते.

पाठीवर, मऊ पराच्या पुढे, सुमारे ३२ ते ४० सुटे व अणकुचीदार काटे एका ओळीत असतात. एरवी ते खोबणीत आडवे पडलेले असतात. मासा धरला जाताच उभे राहतात. गुदपराच्या पुढेही काटे असतात. वाम पकडला की तो मागे सरकून वळवळतो आणि या काट्यांनी हाताची त्वचा फाडतो. म्हणून जाणते मच्छीमार त्यास जाड कापडाने किंवा राख लावून धरतात. पोटाखालची पराची जोडी या माशास नसते आणि पाठीचा, गुदाचा व शेपटीचा पर एकमेकांस जोडलेले असतात. खवले अतिशय बारीक असल्याने अंग बुळबुळीत लागते.

शाळेत हा मासा दाखविण्याचा प्रसंग आल्यास 'हा साप का नव्हे?' हा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर शिक्षकास माशाच्या अंगावरच दाखविता येते : कल्ल्यांची फट, छातीजवळचे दोन पर आणि शेपटीभोवतीचा पर. सापाला यांपैकी एकही नसते. पाणसाप समजून वाम ठेचून मारण्याचे प्रकार अजूनही घडतात. हा मासा विषारी नाही.

वामच्या कुळातील 'मॅक्रोग्नॅथस' वंशाचे आकाराने लहान असे मासेही महाराष्ट्रातील गोड्या पाण्यात आढळतात. त्यांच्यात आणि लहान वाममध्ये बाजारात भेद केला जात नाही. सगळेच 'बारीक वाम' म्हणून विकले जातात.

दीडशे वर्षांहून जुनी नोंद

भीमा खोऱ्यातील माशांचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांवरील आपले लेखन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. या लष्करी गृहस्थाची एक गोष्ट आजही कौतुकास्पद वाटते. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने नदीकाठच्या लोकांनाच त्यांची नावे विचारली आणि ती नावे लॅटिन नावांत गुंफली. 'रोहटी' हे एका वंशाचे नाव, 'शिंगाळा', 'खुद्री', 'कोळस' ही जातींची नावे जगभरच्या ग्रंथांत आज या मराठी रूपांवरून ओळखली जातात. त्यानंतर १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या परिसरातील माशांवरील लेख मुंबई नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात लिहिला. उजनी धरणाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर जलाशयातील माशांच्या पाहण्या होऊ लागल्या आणि त्यांच्या याद्यांतही वाम आहे. म्हणजे नदीचा जलाशय झाल्यानंतरही हा मासा टिकून राहिला. परंतु यादीत नाव असणे ही एक गोष्ट आणि मासा विपुल असणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाम आणखी एका कारणाने परिचित आहे. त्याच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमींवर महाराष्ट्रात बरेच संशोधन झाले आहे. शिंदे यांनी १९६८ मध्ये गोड्या पाण्यातील माशांमधील पट्टकृमींचा 'सर्कमऑन्कोबोथ्रियम' हा वंश प्रस्थापित केला. त्या वंशाच्या अनेक जाती पुढे वाममध्ये सापडल्या. यामुळे खाणाऱ्याने बिचकण्याचे कारण नाही. आतडी काढून टाकून मासा नीट शिजविला की पुरे. मांस चविष्ट असते व बारीक काट्यांचा त्रास कमी, म्हणून गिऱ्हाईक त्यास चांगला भाव देते.

वाळू, कपार आणि डोह

वामचे मूळ निवासस्थान म्हणजे वाळू-गोट्यांचा तळ असलेली वाहती नदी. दख्खनच्या नद्या काळ्या पाषाणातून वाहतात. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या या नद्या उन्हाळ्यात तुटक डोहांच्या रूपाने उरतात. डोहाच्या काठच्या कपारी, त्यांच्या बुडाशी साठलेली वाळू आणि काठावरच्या करंज-उंबरांची पाण्यात उतरलेली मुळे ही वामची घरे. वैशाखात पाणी आटून त्यातील प्राणवायू कमी झाला, तरी हा मासा लगेच मरत नाही. पृष्ठभागी येऊन हवेचा घोट घेण्याची क्षमता त्याच्यात आहे आणि ओलसर गाळात तो काही काळ तग धरू शकतो. पाऊस सुरू होऊन पाणी वाढले की वाम विणीस लागतो. त्याची अंडी चिकट असतात व ती पाणवनस्पतींना चिकटून राहतात. पुराचे पाणी जेथे गवतात, लव्हाळ्यात शिरते, तेथे पिलांना आसरा व अन्न दोन्ही मिळते.

या एका मूळ निवासस्थानाचे आज बारामती-इंदापूर भागात वेगवेगळे प्रकार झाले आहेत, आणि ते सर्व मानवनिर्मित आहेत.

पहिला प्रकार उजनीचा जलाशय, म्हणजेच यशवंतसागर. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यापैकी उपयुक्त साठा सुमारे ५३ व मृत साठा सुमारे ६३ अब्ज घनफूट आहे. मृत साठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे हे उजनीचे वैशिष्ट्य होय. पाटबंधाऱ्याच्या भाषेत हे पाणी 'मृत' असले, तरी माशांच्या दृष्टीने तेच खरे जिवंत पाणी. कारण दुष्काळी उन्हाळ्यातही ते बव्हंशी शिल्लक राहते. मात्र जलाशयाचा तळ हा नदीचा तळ राहिलेला नाही. जुन्या पात्रातील वाळूवर वर्षानुवर्षे गाळ साचत आहे. वामला मऊ गाळही चालतो, पण गाळात कुजणारे सेंद्रिय द्रव्य वाढले की तळाजवळचा प्राणवायू संपतो आणि त्याचे खाद्य असलेले कीटक व झिंगे कमी होतात. पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेस व तेथून उजनीत येते. जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात हिरवट दिसते, ते याच सांडपाण्यातील खताने वाढलेल्या शेवाळामुळे.

जलाशयाची पातळी उतरली की पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर वर येते आणि प्रवासी ते पाहावयास जातात. त्याच सुमारास काठावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. गाळपेरीची पिके घेणाऱ्यांनी तेथे कीटकनाशके वापरली, तर पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते आणि नेमक्या त्याच उथळ काठावर वाम व इतर मासे विणीस येतात, एवढे ध्यानी घेतले पाहिजे.

दुसरा प्रकार नीरेचा. वीर धरणाच्या खाली नीरा पुणे जिल्ह्याच्या सरहद्दीवरून वाहते. पलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण व सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस हे तालुके आहेत. तिच्यावर कोल्हापूर पद्धतीचे अनेक बंधारे आहेत. पावसाळा संपताच बंधाऱ्यांना ढापे टाकले जातात आणि नदीची तळ्यांची एक माळ बनते. पावसाळ्यापूर्वी ढापे काढले की ती पुन्हा नदी होते. वामच्या दृष्टीने ही व्यवस्था पक्क्या धरणापेक्षा बरी, कारण विणीच्या दिवसांत नदी मोकळी असते. मात्र ढापे वेळेवर निघाले नाहीत किंवा तळाशी गाळाबरोबर अडकून राहिले, तर तळालगत फिरणाऱ्या माशाची वाट पहिली बंद होते. नीरेच्या पाण्यात साखर व मद्यार्क उद्योगांचे सांडपाणी मिसळल्याच्या तक्रारी काठच्या गावांतून वारंवार झाल्या आहेत. अशा पाण्याने एकाएकी प्राणवायू संपतो, तेव्हा वरच्या थरातील मासे तडफडताना दिसतात. तळचा वाम मेलेला सहसा कोणाच्या मोजणीत येत नाही.

कालवे व तलाव हा तिसरा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला नीरा डावा कालवा बारामती-इंदापुरातून जातो. शिर्सुफळ व शेटफळ येथील तलाव आहेत. कालव्यात व भिजलेल्या चाऱ्यांत वाम शिरतो, वाढतो; पण आवर्तन बंद झाले की तेथे अडकतो आणि पोरांच्या किंवा बगळ्यांच्या हाती लागतो. पक्क्या अस्तरीकरणाने पाण्याची बचत होते हे खरे, तथापि सिमेंटच्या तळाला कपार नसते व वाळूही नसते.

चौथा प्रकार खुद्द कऱ्हा. ती वर्षातील बराच काळ कोरडी असते, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

वाळू गेली की काय जाते

या सर्वांत वामवर थेट घाव घालणारी गोष्ट म्हणजे वाळूचा उपसा. भीमा व नीरेच्या पात्रातून, तसेच उजनीच्या फुगवट्यातून यांत्रिक बोटींनी होणारा अवैध उपसा हा महसूल यंत्रणेपुढील जुना प्रश्न आहे. अशा बोटी पकडून नष्ट करण्याच्या कारवाया वेळोवेळी होतात. या प्रश्नाची चर्चा बहुधा बुडालेला महसूल, खचलेले काठ आणि उतरलेली विहिरींची पातळी या अंगांनी होते. ती योग्यच आहे. परंतु शोषक यंत्राने वाळू ओढली जाते, तेव्हा वाळूत गाडून घेतलेला मासा, त्याचे खाद्य असलेल्या अळ्या आणि तळाची रचना हे सारे एकाच वेळी ओढले जाते. मागे उरतो तो खोल खड्डा आणि त्यात बसणारा बारीक गाळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, त्याला याची झळ उशिरा लागते. वामला पहिल्या दिवशी लागते.

मासेमारीच्या पद्धतीही पाहण्यासारख्या आहेत. भोई व कोळी समाजातील मच्छीमार वाम धरण्यासाठी गांडुळाचे आमिष लावलेले गळ संध्याकाळी टाकून पहाटे काढीत. रुंद आसाच्या जाळ्यात हा सडपातळ मासा अडकत नाही, निसटून जातो. त्यामुळे मोठ्या आसाची जाळी आणि रात्रीचे गळ यांच्या काळात लहान वाम आपोआप सुटत असे. अतिशय बारीक आसाच्या जाळ्यांनी हा समतोल मोडला. त्यांत वामची बोटभर पिलेही येतात आणि सुक्या मासळीच्या ढिगात जातात. सुरुंग अथवा विष वापरून मासे मारणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे. डोहात विष कालवले की कपारीतला मासा प्रथम मरतो, ही गोष्ट ग्रामसभेत सांगितली तर अनेकांस नवी वाटेल.

परकीय माशांचा उपद्रव हा आणखी एक मुद्दा. उजनीत चिलापी आता इतकी रुळली आहे की नव्या पिढीस ती मूळचीच वाटते; ती आफ्रिकेतली. आफ्रिकन मांगुराच्या संवर्धनास केंद्र शासनाने २००० मध्ये मनाई केली आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. हा खादाड मासा शेततळ्यातून पुराबरोबर नदीत उतरला, तर तळालगतच्या लहान माशांचा फडशा पाडतो.

एक विरोधाभास येथे नोंदविणे उचित होईल. रोहू, कटला व मृगळ हे मासे दख्खनचे नव्हेत. ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केल्यावर त्यांचे बीज मुबलक झाले आणि ते देशभर सोडले जाऊ लागले. त्यापासून मच्छीमारास उत्पन्न मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु पाहुण्यांची बोटुकली मोजून सोडणाऱ्या व्यवस्थेत घरच्या माशाला रकाना नाही. तो 'इतर' या एका शब्दात मोजला जातो. 'इतर' मासे दरवर्षी तितकेच भरले, तरी त्यांतील वाम संपून त्याची जागा चिलापीने घेतलेली असू शकते. आकड्यांवरून ते कळणार नाही.

ग्रामपंचायतीच्या हातातील साधन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने वामला 'कमी चिंतेच्या' वर्गात ठेवले आहे. हा मासा पाकिस्तानपासून भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार व पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेला असल्याने जातीच्या अस्तित्वास धोका नाही, एवढाच त्याचा अर्थ. नीरेच्या एखाद्या डोहात तो उरला आहे की नाही, हे त्या यादीवरून कळत नाही. ते गावालाच कळू शकते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. अनेक नोंदवह्यांत झाडांची व पिकांची माहिती भरपूर आणि माशांची जेमतेम चार-दोन ओळींची असते. नदीकाठच्या गावाने वामची नोंद करावयाची झाल्यास फारसा खर्च येत नाही. मासा कोणत्या डोहात मिळाला, कोणत्या महिन्यात, तळ वाळूचा की गाळाचा, लांबी किती वीत, कोणत्या साधनाने धरला आणि पोटात अंडी होती का, एवढी माहिती पुरेशी आहे. ती सांगू शकणारी माणसे म्हणजे जुने मच्छीमार. डोहांची नावे, वाळूची जुनी ठिकाणे आणि माशांच्या बोलीतील नावांचा साठा त्यांच्याजवळ आहे. साइक्सने जे केले तेच येथे करावयाचे आहे, फक्त ते गावच्या दप्तरासाठी.

विद्यालयांतील विज्ञान शिक्षकांनी आठवडी बाजाराच्या दिवशी विद्यार्थ्यांकडून बाजारात आलेल्या माशांची जातवार गणती करून घेतली, तर समितीस ती आयती उपयोगी पडेल. अशी गणती वर्षातून किमान दोनदा व्हावी : एकदा मे महिन्यात, डोह आटलेले असताना, आणि एकदा पावसाळ्यानंतर, बंधाऱ्यांना ढापे टाकल्यावर. वाळूच्या ठिकाणांविषयी प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा या दोन गणत्यांचे कागद सोबत असल्यास कोणता पट्टा उपशातून वगळावा, हे ठरविण्यास सदस्यांपुढे काही आधार राहील.